इलेक्ट्रिक कुकर सारखा 'बर्न' दाखवतो: आधी बूड बघा, मग झाकण

संध्याकाळी घाईघाईत कांदा परतला, टोमॅटो घातले, काबुली चणे आणि पाणी घालून झाकण लावलं, बटण दाबलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. बारा-तेरा मिनिटांनी पीं-पीं सुरू. डिस्प्लेवर 'बर्न'. उघडून ढवळलं, वाटीभर पाणी वाढवलं, परत चालू केलं. परत तेच. तिसऱ्या खेपेला सगळं पातेल्यात ओतून गॅसवर चढवलं आणि जेवायला दहा वाजले. झटपट स्वयंपाकासाठी घेतलेलं यंत्र!

एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. माझ्याकडे हे साडेतीन महिने चाललं होतं, आणि वैताग असा की दर वेळी होत नव्हतं. तोच पदार्थ, तेच भांडं, तेवढंच पाणी. कधी निमूट शिजायचं, कधी सुरुवातीलाच 'बर्न', कधी निम्मं शिजून झाल्यावर 'बर्न'. मशीनच बाद आहे असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शेवटी कारण सापडलं, म्हणजे दोन सापडली, आणि ती एकमेकांत गुंतली होती म्हणून इतके दिवस गेले. एक माझ्या परतण्यात होतं. दुसरं वाटाण्याएवढ्या एका रबरी टोपीत. ज्यांचा कुकर असाच अधूनमधून रुसतो त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितो.

कुकरला नेमकं काय कळतं

आतलं भांडं बाहेर काढून खाली बघा. तापणारी तबकडी दिसेल आणि तिच्या मधोमध नाण्याएवढं एक बटण. बोटाने दाबलं तर ते स्प्रिंगवर खाली जातं. तोच तापमानाचा सेन्सर. भांडं ठेवलं की भांड्याचं बूड त्याच्यावर टेकतं आणि कुकरला समजतं ते एवढंच: बूड किती तापलंय. वर चणे आहेत की बटाटे, शिजलेत की कच्चे, याचा त्याला पत्ता नसतो.

बहुतेक घरगुती इलेक्ट्रिक कुकर 'हाय'वर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ७० ते ८० किलोपास्कल जास्त दाबाने चालतात. त्या दाबाला पाणी ११५ ते ११७ अंश सेल्सिअसला उकळतं. बुडाशी पातळ पाणी खेळतं आहे तोवर बूड त्याच्या फार पुढे जात नाही, कारण आलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी पोहोचत नाही तिथे मात्र बूड सुसाट तापतं. सेन्सरला ते कळतं, तो वीज तोडतो आणि 'बर्न' दाखवतो. काही मॉडेलवर शब्दाऐवजी अक्षर-आकड्याचा कोड येतो. त्याचा अर्थ मॅन्युअलमध्ये बघायचा, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

म्हणजे 'बर्न' आला याचा अर्थ जेवण करपलं असा नाही. बूड नको तेवढं तापलं, एवढाच. पुष्कळदा उघडून बघावं तर नुसता तांबूस पापुद्रा असतो. आणि 'प्रेशर चढत नाही' ही तक्रार बऱ्याचदा हीच असते, वेगळ्या कपड्यात. बुडाशी पातळ पाणी नाही तर वाफ नाही, वाफ नाही तर दाब कुठून येणार? फरक इतकाच की दाब न चढायला आणखी एक वाट आहे: वाफ होते, पण झाकणातून निसटते. म्हणून आधी बूड, मग झाकण.

'बर्न' कधी आला ते लिहून ठेवा

मला कोणी पहिल्या दिवशी एवढं सांगितलं असतं तर तीन महिने वाचले असते. मी फक्त 'आला' एवढंच बघत होतो, 'कधी आला' ते नाही.

सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांत, झाकणावरची पिन (दाब चढला की ती वर येते) वर यायच्या आधीच आला, तर बुडाला काहीतरी चिकटलेलं आहे किंवा बुडाशी दाट लगदा बसलाय. पिन वर आली, उलटी गिनती सुरू झाली, आणि वीस-तीस मिनिटांनी आला, तर सुरुवातीला पाणी होतं पण मधल्या काळात ते संपलं. एक तर धान्याने पिऊन टाकलं, नाही तर वाफ होऊन बाहेर गेलं. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि औषधंही वेगळी.

पाण्याची चाचणी

दोष यंत्राचा की स्वयंपाकाचा, ते याने ठरतं. स्वच्छ भांड्यात ३ कप साधं पाणी घ्या, म्हणजे सुमारे ७०० मिली. झाकण लावा, वाफेची कळ बंद बाजूला, 'हाय प्रेशर', वेळ ५ मिनिटं. पाच-सहा लिटरच्या कुकरला साधारण दहा मिनिटांत पिन वर यायला हवी आणि मग आकडे उलटे मोजायला लागायला हवेत. झालं तर यंत्राचं मुख्य काम नीट चाललंय. पिन आलीच नाही तर झाकणाकडे वळा. साध्या पाण्यावरही 'बर्न' आला तर भांडं नीट बसलेलं नाही, खाली काहीतरी अडकलंय, किंवा सेन्सर गेलाय. शेवटचं असेल तर सर्व्हिस सेंटरच.

माझा कुकर यात पहिल्या झटक्यात पास झाला. मला वाटलं सुटलो, दोष फक्त आपल्या हाताचा. ते अर्धंच खरं होतं.

बूड: परतल्यानंतरचा थर

सुरुवातीच्या 'बर्न'चं सगळ्यात मोठं कारण म्हणजे 'सॉटे'वर, म्हणजे कुकरच्या परतायच्या सेटिंगवर, परतताना बुडाला धरलेला थर. कांदा, लसूण, मसाला, मांसाचे तुकडे, यातलं काहीही परतलं की बुडाला थोडं लागतंच. गॅसवरच्या पातेल्यात त्याने काही बिघडत नाही, उलट चव येते. इथे तो थर म्हणजे सेन्सरच्या डोक्यावर पांघरलेली गोधडी. पाणी बुडापर्यंत पोहोचत नाही, थर तापत जातो, बूड तापत जातं.

उपाय माहीत सगळ्यांना असतो, करतो कोणी नीट नाही. मीही नव्हतो करत. पाणी ओतायचं आणि चमचा एकदा फिरवायचा, याला खरवडणं म्हणत नाहीत. परतून झालं की भांडं गरम असतानाच अर्धा कप पाणी घाला. चर्रर्र आवाज होऊन फेस येईल. आता लाकडी उलथणं, सपाट कडेचं, गोल चमचा नको, बुडावर टेकवून बाहेरून मध्यापर्यंत ओढत न्या. थर आहे तिथे उलथणं खरखरतं, हाताला अडखळल्यासारखं होतं. माझ्या भांड्यात हे नेहमी मधल्या भागातच व्हायचं, नेमकं सेन्सरच्या वर. उलथणं काचेवरून फिरावं तसं गुळगुळीत फिरेपर्यंत सोडायचं नाही. दीड-दोन मिनिटांचं काम आहे. ते पाणी तपकिरी होतं, ते टाकायचं नाही, सगळी चव त्यातच.

आणखी एक. परतणं संपायच्या मिनिटभर आधीच 'सॉटे' बंद करा. ती तबकडी जाड असते, बंद केल्यावरही तापलेली राहते. एवढ्या उष्णतेवर शेवटचं परतणं सहज होतं. मधेच फोन आला म्हणून 'सॉटे' चालू ठेवून बाजूला झालात तर थर करपायला दोन मिनिटं पुरतात. माझे जवळजवळ सगळे सुरुवातीचे 'बर्न' अशाच फोनांचे होते, हे मागे वळून बघताना लक्षात आलं.

बूड: दाटपणा

पातळ पाणी तापलं की वर येतं, वरचं गार पाणी खाली जातं, असं ते आपोआप फिरत राहतं. दाट रस्सा फिरत नाही. खळ शिजताना कशी एका जागी बसून भक्-भक् करते, तसंच. टोमॅटोची प्युरी, साय, पीठ लावलेलं काहीही, वाटण, तयार सॉस: हे सगळं दाट असल्याने बुडाशी फिरत नाही आणि तिथेच तापत राहतं.

म्हणून घालायचा क्रम बदला. परतलेलं आणि खरवडलेलं पाणी सगळ्यात खाली. त्यावर डाळ किंवा कडधान्य, भाज्या, मांस. टोमॅटो, प्युरी, वाटण सगळ्यात वर, आणि मग ढवळायचं नाही. 'ढवळायचं नाही' हे वाचायला सोपं आहे. झाकण लावण्याआधी एक हात फिरवायची सवय इतकी मुरलेली असते की पहिले आठ-दहा दिवस मी उलथणं आधीच सिंकमध्ये टाकून द्यायचो, म्हणजे हाताशीच नको. शिजल्यावर हवं तितकं ढवळा. दूध, साय, दाटपणासाठी पीठ किंवा कॉर्नफ्लोअर हे सगळं प्रेशर उतरल्यावर, 'सॉटे'वर दोन मिनिटं.

टोमॅटो वर ठेवण्याचा एक जादा फायदा आहे: आंबट पाण्यात कडधान्य मऊ व्हायला वेळ लागतो. चण्याला चटका बसत नाही आणि शिजतोही लवकर.

बूड: पाणी पुरतं का?

प्रत्येक कुकरला दाब तयार करण्यापुरतं किमान पाणी लागतं. ते आकारावर ठरतं, साधारण एक ते दोन कप. मॅन्युअलमधला आकडा पाळा. तो पातळ पाण्याचा आकडा आहे, दाट रश्शाचा नव्हे. भाज्यांना आणि मांसाला पाणी सुटतं हे खरं, पण ते तापल्यावर सुटतं, त्याच्या भरवशावर सुरुवात करता येत नाही. पास्ता, दलिया, न भिजवलेलं कडधान्य हे पाणी पितात. सुरुवातीला भांड्यात डोळ्यांना दिसणारं पाणी आणि अर्ध्या तासाने उरणारं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक.

वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. भांडं दोन तृतीयांशाहून जास्त भरायचं नाही. डाळी, कडधान्यं, भात, म्हणजे जे फुगतं किंवा फेसाळतं, ते असेल तर अर्ध्यापर्यंतच.

दाट पदार्थ किंवा थोडाच भात करायचा असेल आणि ही कटकटच नको असेल, तर भांड्यात भांडं. खाली दीड कप पाणी, त्यात तिवई, तिवईवर छोट्या स्टीलच्या डब्यात पदार्थ. बुडाशी फक्त पाणी असल्याने 'बर्न'चा प्रश्नच उरत नाही. डब्यातल्या पदार्थाला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच.

भांड्याच्या बाहेरचं बूड

एकदा तर साध्या भाताला 'बर्न' आला. भांडं काढून उलटं केलं तर बाहेरून बुडाला तांदळाचा एक दाणा चिकटलेला, पार काळाकुट्ट झालेला. तबकडीवरही त्याच जागी काळा ठिपका. त्या एका दाण्याने भांडं केसभर तिरकं बसलं होतं, सेन्सरला धड स्पर्श नाही आणि तबकडीची उष्णता एकाच जागी. तेव्हापासून भांडं आत ठेवण्याआधी बाहेरून कोरड्या फडक्याने पुसतो आणि तबकडीवर एक नजर टाकतो. भांडं ठेवल्यावर थोडं डावी-उजवीकडे फिरवलं की नीट बसलं का ते हाताला कळतं. ओलं बूड असेल तर नुसतं चुरचुरतं, त्याला घाबरू नका, पण पुसलेलं बरं.

याच ओघात: आतलं भांडं न ठेवता थेट कुकरमध्ये तांदूळ-पाणी ओतणारा माणूस मी पाहिला आहे. हसू नका, अर्धवट झोपेत कोणाच्याही हातून होईल. असं झालं तर सगळ्यात आधी भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढा, पाणी उपडं करून काढा आणि पूर्ण वाळून कोणी जाणकाराने बघेपर्यंत चालू करू नका.

'बर्न' आलाच तर त्या क्षणी काय करायचं

रद्द करा. पिन वर असेल तर आधी दाब उतरवा. उघडल्यावर नुसतं पाणी वाढवून परत चालू करणं ही माझी जुनी चूक. थर तिथेच राहतो, पाणी वरून तरंगतं, दहा मिनिटांनी परत पीं-पीं. त्याऐवजी पदार्थ दुसऱ्या पातेल्यात अलगद ओतून घ्या, बूड न खरवडता, म्हणजे करपट चव मिसळणार नाही. बुडात गरम पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा घालून थोडा वेळ भिजू द्या, घासा, धुवा, पुसा. मग पदार्थ परत घाला, कमी वाटलं तर पाणी वाढवा आणि उरलेल्या वेळेपुरतं लावा. दहा मिनिटं जातात, पण एकदाच जातात.

झाकण: वाफ कुठून येते ते बघा

हे सगळं पाळायला लागल्यापासून माझे सुरुवातीचे 'बर्न' बंद झाले. मधले मात्र चालूच राहिले. फक्त चण्यांना, आणि तेही सगळ्या चण्यांना नाही. वहीत नोंदी ठेवायला लागल्यावर दिसलं: भिजवलेले असले की कधीच नाही, भिजवायला विसरलो की हमखास. भिजवलेल्या चण्यांना मी १५ मिनिटं लावायचो, न भिजवलेल्यांना ४०. आधी वाटलं, कोरडे चणे पाणी जास्त पितात, दुसरं काय. पाणी वाढवलं. तरी 'बर्न'.

मग पाण्याचीच चाचणी परत केली, पण ५ ऐवजी ४० मिनिटांची. ७०० मिली मोजून घातलं, दाब आपोआप उतरू दिला, उघडून परत मोजलं. जेमतेम ४५०. वाफ होऊन पाव लिटर पाणी गेलं होतं! झाकण नीट असलेल्या कुकरमध्ये सुरुवातीला थोडी वाफ जाते, पिन वर बसल्यावर जवळजवळ काहीच नाही. पाच मिनिटांच्या चाचणीत ही गळती दिसणं शक्यच नव्हतं, दाब तर चढत होता ना. हीच चाचणी करा असं मी आता सगळ्यांना सांगतो. पाणी आधी आणि नंतर मोजायचं, बास.

आता गळती शोधायची. चालू कुकरवर तोंड वाकवून बघू नका, बाजूने बघा. झाकणाच्या कडेला, पिनेपाशी, कळेपाशी, तीनच जागा आहेत. पिन वर येईपर्यंत तिच्या भोवतून वाफ येणं नैसर्गिक आहे, आतली हवा तिथूनच बाहेर पडते. त्यानंतर थांबायला हवी.

कडेने येत असेल तर दोष झाकणाच्या आत बसवलेल्या सिलिकॉनच्या रिंगचा. धुतल्यावर ती झाकणाच्या तारेच्या चौकटीमागे सगळीकडून सारखी बसलेली नसते, एखाद्या ठिकाणी फुगून वर आलेली असते. बोट गोल फिरवून बघा, चढ-उतार लागता कामा नये. नीट बसलेली रिंग बोटाने ढकलली तर जरा अडत-अडत चौकटीत फिरते. ढिली पडलेली, चिरलेली, कडक झालेली असेल तर बदलायची. रोज वापर असेल तर वर्ष-दीड वर्षाने तशीही बदलावी. सिलिकॉन वास धरून ठेवतं, आणि तो पूर्ण कधीच जात नाही, हे मान्य करून टाका. मी दोन ठेवल्या आहेत, एक तिखटा-मसाल्याची, एक गोडाची.

कळेपाशी येत असेल तर बहुतेक वेळा ती पूर्ण बंद बाजूला वळलेलीच नसते. ती हलते, डुगडुगते, म्हणून अनेकजण ती तुटली असं समजतात. ती तशीच असते. अनेक मॉडेलमध्ये ती आपल्या वजनाने भोकावर बसलेली असते, दाब मर्यादेपलीकडे गेला की उचलली जाऊन वाफ सोडते. कल्पना फार जुनी आहे. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये दाबाखाली शिजवायचं पहिलं भांडं दाखवलं, आणि ते फुटू नये म्हणून त्याला वजनाने दाबून धरलेली झडपही त्यानेच बसवली. डुगडुगते म्हणून कळेवर काही वजन ठेवण्याचा उद्योग करू नका, ती सुरक्षेचीच सोय आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला कळेच्या खाली जाळीदार टोपण असतं, ते ओढून काढा आणि धुवा. डाळीची सालं तिथे जाऊन बसतात.

माझी वाफ येत होती पिनेपाशी. अगदी बारीक, कान दिला तरच ऐकू येणारी सूं. झाकण गार झाल्यावर उलटं केलं. पिनेला खालून एक छोटी सिलिकॉनची टोपी घातलेली असते, तीच पिनेला धरून ठेवते आणि दाब आला की भोक बंद करते. ती काढून उजेडात ताणून धरली तर कडेला बारीकशी चीर. आणि ती कोणी पाडली तर मीच. मागे कधीतरी तिच्या खाचेत अडकलेलं डाळीचं साल मी टाचणीने कोरून काढलं होतं. तेव्हापासून प्रत्येक वेळी थोडी थोडी वाफ जात होती. १५ मिनिटांत त्याने काही बिघडत नव्हतं, ४० मिनिटांत बूड कोरडं पडत होतं.

सुटी टोपी मिळते, पण आपल्याच मॉडेलची घ्या. जवळपासच्या मापाची बसल्यासारखी वाटते आणि बसत नाही. धुताना सिंकच्या जाळीवर गाळणी ठेवा, ती टोपी मोरीत गेली की गेली. टाचणी, सुई, चाकूचं टोक, काही लावू नका. कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

बाकीचे नेहमीचे प्रश्न, थोडक्यात

'१० मिनिटं लावली आणि ३५ मिनिटं झाली.' बरोबर आहे. डिस्प्लेवरचा वेळ दाब आल्यानंतरचा असतो. चढायला दहा-बारा, उतरायला दहा-पंधरा मिनिटं धरा. हा कुकर शिट्ट्या देत नाही म्हणून मोजायला काही नसतं, आणि मधला वेळ उगाच लांब वाटतो. भांडं जास्त भरलेलं असेल किंवा गोठलेला गोळा तसाच टाकला असेल तर चढायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पाणी आधी गरम करून घातलं तर बराच वेळ वाचतो. व्होल्टेज कमी असेल तरी तेच होतं: ते दहा टक्के उतरलं तर उष्णता एकोणीस टक्क्यांनी घटते. ढिल्या एक्स्टेन्शनवर हा कुकर लावू नका, थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा.

'गॅसच्या कुकरएवढाच वेळ लावला, कच्चं राहिलं.' गॅसवरचा सहसा १०० किलोपास्कलच्या आसपास चालतो, म्हणजे आत १२० अंश. तीन ते पाच अंशांचा हा फरक कडधान्याला जाणवतो, थोडा वेळ वाढवा. उंचावर राहत असाल तर आणखी: ६०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला सुमारे पाच टक्के, हा रूढ हिशोब. तरीही चणे दगडासारखे राहत असतील तर ते जुने असतील किंवा पाणी जड असेल. भिजवताना मीठ घातलं तर साल मऊ पडायला मदत होते.

'वाफ सोडली आणि ओट्यावर डाळीचा फवारा.' फेसाळणाऱ्या पदार्थाची वाफ एकदम सोडायची नाही. निदान दहा मिनिटं आपोआप उतरू द्या, मग थोडी थोडी सोडा. वर तेलाचा एक चमचा घातला तर फेसही कमी येतो.

'भात गिचका.' बंद कुकरमधून पाणी उडून जात नाही, त्यामुळे उघड्या पातेल्याचं प्रमाण इथे चालत नाही. धुऊन निथळलेल्या पांढऱ्या तांदळाला तेवढंच पाणी, एकास एक. ४ मिनिटं, आणि मग दहा मिनिटं हात लावायचा नाही.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. त्याच यंत्रात 'स्लो कुक' असतं आणि त्यावर राजमा रात्रभर लावायचा मोह होतो. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते मंद आचेवर नष्ट होईलच असं नाही, खळखळून उकळावं लागतं. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका आणि प्रेशरवरच शिजवा. 'स्लो कुक'च हवं असेल तर आधी वेगळ्या पातेल्यात अर्धा तास उकळून घ्या.

आणि पिन खाली पडल्याशिवाय झाकण ओढायचं नाही. कधी कधी दाब उतरलेला असतो पण पिन चिकटपणाने वरच अडकते. कळ उघडून वाफ येत नाही याची खात्री करा, थोडं थांबा, मग लांब दांड्याच्या चमच्याने पिनेला हलकेच टेकवा. टक् करून खाली बसते. नाहीच बसली तर कुकर बंद करून अर्धा तास सोडून द्या. माझ्याकडे ती अडकायची ती टोपीत साल गेलं की, आणि त्या सालापायीच तर मी टाचणी हातात घेतली होती.